स्क्वाडला वेळ, बाकीच्यांना ‘पाच मिनिटं’

पत्र

प्रिय ताई,

मी सांगलीचा, वय २७. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पण काम घरूनच चालतं. घरात आजी, आई-बाबा, दादा-वहिनी आणि सात वर्षांचा पुतण्या आहे. बाबा आणि दादा गणपती पेठेतलं आमचं दुकान बघतात.

माझा साखरपुडा झालाय. ती पुण्याची, कॉलेजपासूनची ओळख. सध्या जर्मनीत मास्टर्स करतेय, शेवटचं सेमिस्टर आहे, सोबत पार्टटाइम नोकरीही आहे.

मला गेमिंगचं वेड आहे. लॉकडाउनमध्ये पबजीपासून सुरुवात झाली, आता व्हॅलोरंट हा पाच-पाच जणांच्या दोन संघांचा ऑनलाइन शूटिंग गेम खेळतो. आमचा पाच जणांचा कॉलेजचा स्क्वाड आहे. एक दुबईत, एक हैदराबादला, दोघं पुण्यात आणि मी. रोज रात्री अकराला जमतो, दीड-दोनपर्यंत खेळतो. खरं सांगायचं तर मित्र म्हणून आता हेच चौघं उरलेत.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं होतं. दहा ते अकरा तिच्याशी बोलायचं, अकराला गेम. दिवाळीनंतर तिचा फोन नेमका अकराला यायला लागला आणि भांडणं सुरू झाली. मागच्या आठवड्यात मी मॅच चालू होती म्हणून फोन घेतला नाही आणि नंतर ‘नेट गेलं होतं’ म्हणून सांगितलं. तिने डिस्कॉर्डवर, म्हणजे आम्हा गेमर्सच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, पाहिलं होतं. माझ्या नावाखाली ‘व्हॅलोरंट, ४७ मिनिटं’ असं दिसत होतं. ‘खेळत होतास तर तसं सांग ना, खोटं का बोललास?’ एवढंच म्हणाली. तेव्हापासून नीट बोलत नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. आई म्हणते, ‘तुझी पाच मिनिटं कधी संपतच नाहीत, जेवायला नक्की कधी येतोस ते सांग.’ वहिनी बिचारी ताट झाकून ठेवते. बाबा म्हणतात, सरकारने बंदी घातली तरी हा खेळतोच. ते स्वतः तरुणपणी कबड्डी खेळायचे, तालुक्याच्या संघात होते, तरी त्यांना माझं कळत नाही. पुतण्या तेवढा शेजारी बसून बघतो. माझ्या होणाऱ्या बायकोला गेममध्ये रस नाही. साखरपुड्याला आली होती तेव्हा शिकवायला गेलो, तर दहा मिनिटांत कंटाळली.

आणखी एक. तिथे नोकरी मिळाली तर ती दोन वर्षं तिकडेच राहीन म्हणते. मला चालेल, पण घरी अजून काही बोललो नाही. आई मे महिन्यातले मुहूर्त बघतेय.

गेम कायमचा डिलीट करून टाकू का? सगळ्यांना खूश ठेवता ठेवता मी थकलोय.

– एक गेमर, सांगली

उत्तर

प्रिय मित्रा,

गेम डिलीट करू नकोस. निदान आत्ता, भांडणाच्या भरात तर नकोच. आज तू वैतागून गेम काढून टाकलास, तर लग्नानंतरच्या पहिल्या मोठ्या वादात ‘तुझ्यासाठी मी गेमसुद्धा सोडला’ हे वाक्य तुझ्या तोंडून जाईल, आणि तिने तर ते कधी मागितलेलंच नव्हतं. तुझंच पत्र पुन्हा एकदा वाचून बघ. ‘गेम सोड’ असं तिने कुठे म्हटलंय? आईने तरी म्हटलंय का? ती विचारतेय, खोटं का बोललास. आई विचारतेय, जेवायला कधी येतोस. हे दोन साधे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं तुझ्याकडे आहेत, आणि तू ती देत नाहीयेस.

तुझ्या सबंध पत्रात एकच गोष्ट ठरल्या वेळी होते, ती म्हणजे रात्री अकराचा गेम. दुबईतल्या मित्राच्या घड्याळात तेव्हा साडेनऊ झालेले असतात, तो ऑफिसमधून येऊन जेवून बसलेला असतो, हैदराबादवाला हजर असतो आणि तूही येतोस. चौघांपैकी कुणालाच तुझी वाट बघावी लागत नाही. म्हणजे वेळ पाळणं तुला उत्तम जमतं. बाकीच्यांच्या वाट्याला मात्र ‘पाच मिनिटं’, ‘आलोच’, ‘नंतर करतो’ एवढंच येतं. वाट बघायची, पण किती वेळ ते माहीत नाही, अशी त्यांची गत आहे. थोडक्या वेळावर माणसं भागवून घेतात रे. दूरदेशी असलेली मुलगी तर नक्कीच घेते. पण तो थोडका वेळ कधी मिळणार हेच कळत नसेल, तर चांगल्या स्वभावाचं माणूसही चिडचिडं होतं. स्क्वाडला देतोस तसा पक्का शब्द घरातल्यांना आणि तिला दे, एवढंच मला तुला सांगायचंय. पुढचं सगळं त्यातूनच निघालेलं आहे.

पण आधी ते ४७ मिनिटांचं.

ती गेमवर चिडली असं तू धरून चाललायस. मला तसं वाटत नाही. ती जिथे आहे तिथे हिवाळ्यात दुपारी साडेचार-पाचलाच अंधार पडायला लागतो. दिवसभर थीसिस आणि नोकरी करून ती अंधारातच खोलीवर येते, तुला फोन लावते, तू उचलत नाहीस. इथपर्यंत ठीक. मग ती डिस्कॉर्ड उघडून बघते, तर तू तिथे आहेस, मजेत आहेस, आणि थोड्या वेळाने तूच लिहितोस की नेट गेलं होतं. लांबच्या नात्यात एकमेकांच्या शब्दाशिवाय दुसरं काय असतं? एका गावात असता तर तिने तुझा चेहरा पाहिला असता, तुझ्या घरी येऊन गेली असती, मित्रांकडून चार गोष्टी कळल्या असत्या. तिकडे तिच्याकडे फक्त तू जे सांगतोस ते आहे. तेच खोटं निघालं, तर आधीच्या किती ‘नेट गेलं’वर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तिला पडणारच.

त्यामुळे पहिलं काम माफीचं, आणि ती नीट माग. ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असली माफी नको. ‘मी खेळत होतो, मॅच सोडायची नव्हती, आणि तू चिडशील म्हणून खोटं बोललो. माझं चुकलं. यापुढे खेळत असेन तर खेळतोय असंच सांगेन.’ इतकं बोल आणि थांब. लगेच मॅच का सोडता येत नाही याचं स्पष्टीकरण देत बसू नकोस, ते दुसऱ्या दिवशीही देता येईल. आणि डिस्कॉर्डवरचं स्टेटस लपवायची सोय असते, तिकडे चुकूनही जाऊ नकोस.

आता दिवाळीनंतर काय झालं ते बघू. तुझ्या पत्रातलं ते वाक्य वाचून मी कॅलेंडर काढलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. उन्हाळ्यात आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार तास. ती संध्याकाळी साडेसहाला खोलीवर पोचत असेल, तर आधी तेव्हा सांगलीत रात्रीचे दहा वाजलेले असायचे, आता अकरा वाजतात. तिचा दिवस जिथल्या तिथे आहे. तुझाही आहे. मधला तास सरकला आणि तुमची बोलण्याची वेळ थेट स्क्वाडच्या वेळेवर येऊन आदळली. घड्याळ बदलल्याचं तुम्हा दोघांनाही माहीत असणार, पण त्यावर बसून बोलला नाहीत. तुला वाटलं, ही मुद्दाम गेमच्या वेळी फोन करते. तिला वाटलं असेल, आधी हा तास-तास बोलायचा, आता याला मी नकोशी झाले. तुमचं निम्मं भांडण या एका तासाचं आहे, आणि ते मिटवायला कुणी कुणावर कमी प्रेम करतंय असं मानायची गरज नाही.

तेव्हा नव्याने वेळा ठरवा, आणि पहिली निवड तिची असू दे, कारण तिचा दिवस तुझ्यापेक्षा घट्ट बांधलेला आहे. मला सुचतंय ते असं. आठवड्यातले तीन-चार दिवस रात्री अकरा ते बारा तिचे. त्या दिवशी खेळायचं असेल तर नऊ ते पावणेअकरात. दुबईकराला नऊ म्हणजे तिकडचे साडेसात, एखाद्या दिवशी त्याला जमेल, एखाद्या दिवशी नाही. त्याला सांगून तर बघ, मित्र आहे तो. उरलेल्या दिवशी स्क्वाड अकरालाच. त्या दिवशी तिच्याशी बोलणं संध्याकाळी पाचला, तुझ्या चहाच्या वेळी. तिकडे तेव्हा दुपारचे साडेबारा, जेवणाची सुट्टी. पंधरा मिनिटंच मिळतील, पण ती ठरलेली असतील. आणि हो, मार्चच्या शेवटच्या रविवारी हे सगळं पुन्हा एक तास सरकेल. तेव्हा भांडण होण्याआधी बोला.

आता वेळ ठरवूनही तू उशीर करशील, कारण मॅच संपत नाही. मला हा खेळ थोडा ठाऊक आहे. तेरा राउंड जिंकेपर्यंत सामना, बारा-बारा झाले की ओव्हरटाइम, मधे उठलं तर चार जण अडकतात आणि उठून जाणाऱ्याला दंड म्हणून पुढचा काही वेळ खेळता येत नाही. मॅच तीस मिनिटांतही संपते, कधी पन्नासवर जाते. म्हणून ‘अकराला थांबेन’ या शब्दाला काही अर्थ नाही. थांबायची वेळ तुझ्या हातात नसते, मॅच सुरू करायची असते. फोन अकराचा असेल तर दहानंतर नवी रँक्ड मॅच, म्हणजे क्रमवारीसाठीची पूर्ण लांबीची मॅच, सुरू करायची नाही, हा नियम कर. दहा ते पावणेअकरा हात शिवशिवत असतील तर स्विफ्टप्ले हा त्यातलाच छोटा प्रकार खेळा, पाच राउंड जिंकले की ते संपतं. ‘चल रे, एक शेवटची’ असं कुणीतरी म्हणणारच. त्याला काय उत्तर द्यायचं ते संध्याकाळीच ठरवून ठेव, त्या क्षणी सुचत नाही.

जेवणालाही हाच हिशोब लाव. घरी किती वाजता पानं घेतात ते तू लिहिलं नाहीस, पण दुकान बंद करून बाबा-दादा आल्यावरच जेवणं होत असणार. म्हणजे त्याच्या आधी तासभर रँक्ड नको. आईला ‘पाच मिनिटं’ म्हणणं आजपासून बंद. खरंच वीस मिनिटं लागणार असतील तर ‘वीस मिनिटं लागतील, तुम्ही सुरुवात करा’ म्हण आणि विसाव्या मिनिटाला पाटावर ये. आई आठवडाभर विश्वास ठेवणार नाही. ठेवू नकोस म्हणावं, बघत राहा म्हणावं.

इथे मला वहिनीबद्दल बोलायचंय. सबंध पत्रात ती एकाच वाक्यात येते, ‘वहिनी बिचारी ताट झाकून ठेवते’. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. झाकलेल्या ताटाच्या मागे काय असतं ते सांगते. तुझी भाकरी वेगळी राखायची, आमटी पुन्हा गरम करायची, तुझं होईपर्यंत भांडी घासायची थांबवायची, ओटा पुसायचा राहतो, गॅस बंद करून झोपायला जाता येत नाही. सकाळी पोराचा डबा असतो, त्यासाठी घरात सगळ्यांच्या आधी तीच उठत असेल. तुझ्या गेमबद्दल घरात सगळे बोलतात, आई रागावते, बाबा टोमणा मारतात. गेमची किंमत मोजणारी मात्र एक शब्द बोललेली नाही. दीर आहे, शिवाय कमावता, त्याला ती काय बोलणार? उद्यापासून उशीर झालाच तर स्वतः गरम करून घे, स्वतःचं ताट घास आणि ओटाही पूस. आणि तिला एकदा तोंडाने सांग की वहिनी, माझ्यासाठी थांबू नका, मी आवरतो. आणखी काही महिन्यांनी तुझी बायको याच स्वयंपाकघरात, किंवा जर्मनीतल्या एखाद्या छोट्या स्वयंपाकघरात तुझ्यासोबत असेल. तेव्हा हे काम कुणाचं, याचं उत्तर ती तुझ्या आजच्या वागण्यात शोधत असणार.

बाबांचा गैरसमज दूर करायला फार वेळ लागू नये. दोन बातम्यांची सरमिसळ झालेली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, ती चिनी अ‍ॅप्सच्या संदर्भातली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, मान्यताही दिली. तू खेळतोस त्यावर बंदी नाही. हे बाबांना शांतपणे सांग, शक्य असेल तर मराठी वर्तमानपत्रातली बातमी दाखव. आणि मग कबड्डीचं काढ. चढाई चालू असताना संघातला एक गडी जेवायला निघून गेला तर तुम्ही काय केलं असतं, असं विचार. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, तुझी मॅचही साधारण तेवढीच. मैदान गाजवलेल्या माणसाला हे लगेच कळेल. पण मग ते उलटून विचारतील, ‘आमचे सामने रोज रात्री दोनपर्यंत चालायचे का?’ हा प्रश्न रास्त आहे. त्यावर चिडू नकोस.

पुतण्याबद्दल एकच सांगते. व्हॅलोरंटला युरोपात १६ वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन आहे. सात वर्षांचं पोर रोज शेजारी बसून गोळ्या घातलेल्या बघतंय, हे थांबव. त्याला हाकलून मात्र देऊ नकोस. संध्याकाळी अर्धा तास त्याच्याबरोबर त्याच्या वयाचं काहीतरी खेळ, फुटबॉलचा गेम असो की अंगणातला खरा चेंडू. काका आपल्याला खेळायला घेतो, याचं त्याला अप्रूप वाटेल.

ती गेममध्ये कंटाळली याचं मला नवल वाटत नाही. तू तिला थेट रायफल हातात दिलीस. कीबोर्डवर चालायचं कसं हेच जिला माहीत नाही ती दहा मिनिटं टिकली, हेच खूप. पुन्हा प्रयत्न करायचा तर व्हॅलोरंट सोडून दे. शिवाय त्याची खाती देशानुसार विभागलेली असतात. तिने जर्मनीत नवीन खातं काढलं तर ते युरोपात जाईल आणि तुम्ही एका टीममध्ये येणारच नाही. स्टारड्यू व्हॅलीसारखा संथ खेळ बघ. शेत नांगरायचं, बी पेरायचं, गुरं पाळायची, घर सजवायचं. तो साध्या लॅपटॉपवर चालतो, दोघांना एकत्र खेळता येतो, आणि नेट जरा मागेपुढे झालं तरी कुणी मरत नाही. दोघांचे कॉम्प्युटर बरे असतील तर इट टेक्स टू आहे, २०२१ चा, दोघांशिवाय खेळताच येत नाही असाच बनवलेला. एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फुकट सामील होता येतं. तोही नको असेल तर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर डाव मांडून ठेवा, एका चालीला दोन-तीन दिवसांची मुदत देता येते. ती बसमधून जाताना एक चाल खेळेल, तू चहा पिताना दुसरी.

पण तिला कशातच रस वाटला नाही, तर तो विषय सोड. तिने गेमर व्हावं अशी काही गरज नाही. तुला काय आवडतं हे तिला ऐकायला आवडेल, इतकं पुरे आहे. आणि तिला काय आवडतं, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. ती काय शिकते, थीसिस कशावर आहे, तिथल्या मैत्रिणी कोण, यातलं अक्षरही नाही. कदाचित जागा वाचवायला लिहिलं नसशील. तरी पुढच्या फोनवर आधी थीसिसचं विचार, आणि ती सांगत असताना हेडफोनमध्ये दुसरं काही चालू नसू दे.

फोनवर नुसतं ‘जेवलीस का, झोपलीस का’ होत असेल तर रविवारचा फोन वेगळा ठेवा. तिकडे रविवारी दुकानं बंद असतात, सगळं शांत असतं, एकट्या माणसाला तो दिवस अंगावर येतो. तिचे सकाळचे नऊ म्हणजे तुझे दुपारचे दीड. तुमची जेवणं झालेली असतील. व्हिडिओ कॉल लावून फोन आजीसमोर ठेव आणि तू जरा बाजूला हो. ती तिथे चहा करत असेल, इथे आजी तिला विचारेल तिकडे दूध कसलं मिळतं म्हणून. आठवड्यातून अर्धा तास घरातल्यांना तिचा आवाज ऐकू आला तर ती त्यांच्यासाठी ‘जर्मनीवाली’ न राहता घरची होत जाईल. पुढच्या अवघड बोलण्याआधी हे फार उपयोगी पडेल.

व्यसनाचंही बोलून घेऊ, कारण घरात तो शब्द कुणीतरी काढलाच असणार. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार घेतलाय. त्याच्या खुणा तीन आहेत. किती आणि कधी खेळायचं यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या कामांपेक्षा, आवडींपेक्षा गेम वरचढ होतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं, किंवा वाढतच जातं. हे साधारण वर्षभर टिकलं आणि त्यातून घर, काम, नाती यांची मोडतोड झाली, तर तो विकार. तुझी नोकरी व्यवस्थित चालू आहे, खेळायची वेळ ठरलेली आहे, आणि प्रश्न पडला म्हणून तू स्वतःहून पत्र लिहिलंयस. नुसत्या पत्रावरून मी निदान करणार नाही, पण मला तरी तुझं तसं दिसत नाही. काळजी वाटते ती झोपेची. दोनला झोपून सकाळी कामाला बसायचं, हे सत्ताविशीत जमतं म्हणून खपून जातंय. वर सांगितलेल्या वेळा महिनाभर मनापासून पाळायचा प्रयत्न कर. ठरवूनही पुन्हापुन्हा मोडल्या, दहाचा नियम पाळताना जीव कासावीस झाला, तर मात्र ते हलक्यात घेऊ नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत तर २०१४ पासून फक्त मोबाइल, इंटरनेट, गेमिंगच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं. तिथे जाणाऱ्यांना कुणी वेडं म्हणत नाही.

आता पत्राच्या शेवटी घाईघाईत लिहिलेलं. मला वाटतं, हे तू पहिल्यांदा लिहायला हवं होतंस.

ती दोन वर्षं तिकडे राहणार म्हणते आणि आई मे महिन्यातले मुहूर्त बघतेय. या दोन्ही गोष्टी एकदम माहीत असलेला घरात तू एकटाच आहेस. आई मुहूर्ताचा विषय काढते तेव्हा तू हो-हो करतोस. ती ‘घरी बोललास का’ विचारते तेव्हा ‘बोलतो’ म्हणतोस. दोन्हीकडून सुटका मिळते ती रात्री अकराला, कारण तिथे चौघांना फक्त पुढची मॅच माहीत असते, लग्नाचं कुणी विचारत नाही. तू थकलायस म्हणतोस, ते मला पटतं. पण हा थकवा गेमचा नाही आणि सगळ्यांना खूश ठेवण्याचाही नाही. दोन बाजूंना दोन वेगवेगळी उत्तरं देऊन ती लक्षात ठेवण्याचा तो थकवा आहे.

तिचं म्हणणं अजिबात अवास्तव नाही. जर्मनीत शिक्षण पूर्ण केलेल्या परदेशी विद्यार्थ्याला नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंत राहण्याची परवानगी मिळू शकते. मुलीने एवढा खर्च करून, एवढी थंडी सोसून डिग्री घेतली तर तिथे दोन वर्षं काम करून अनुभव घ्यावा असं तिला वाटणारच. शिक्षणाचं कर्ज असेल तर त्याचाही हिशोब असतो. पण आईचीही चूक नाही. साखरपुडा झालेल्या मुलाची आई मुहूर्त बघणार नाही तर काय बघणार? चूक एवढीच की दोघींना एकमेकींचं माहीत नाही, आणि ते माहीत करून देणारा एकटा तूच आहेस.

म्हणून आधी तिच्याशी बोल, अगदी मुद्द्याचं. मे महिन्यात लग्न करून ती परत गेली तर चालेल का? तू काही महिने तिकडे जाऊन राहू शकतोस का, कंपनी परवानगी देईल का, की दोन वर्षं थांबायचं? दोन वर्षं म्हणजे कधीपासून कधीपर्यंत? तुमच्या दोघांचं एक उत्तर तयार झालं की दादाला विश्वासात घे. दुकान तो बघतो म्हणून तू घरी बसून पुण्याची नोकरी करू शकतोस, त्याला आधी कळायला हवं, आणि बाबांसमोर तो बाजूला बसलेला असेल तर तुलाही धीर येईल. मग एखाद्या रविवारी, दुकान बंद असेल तेव्हा, सगळ्यांसमोर सांग. ‘ती म्हणतेय’ असं सांगू नकोस. ‘आम्ही ठरवलंय’ असं सांग. ‘ती म्हणतेय’ म्हणालास तर या घरात पाऊल टाकायच्या आधीच ती वाईट ठरेल, आणि तू मात्र नामानिराळा राहशील.

आई रडेल कदाचित. बाबा दोन दिवस बोलणार नाहीत. पाहुण्यांना काय सांगायचं हा प्रश्न निघेलच, तेव्हा तिच्या आई-वडिलांना तुम्ही काय सांगितलंय तेही तयार ठेव. त्या दोन-चार दिवसांत तुला सगळ्यात जास्त वाटेल की दार लावून खोलीत बसावं आणि हेडफोन घालावा. त्या आठवड्यात स्क्वाडला सांगून टाक की घरी महत्त्वाचं काम आहे, चौघं खेळा. इतक्या वर्षांचे मित्र आहेत, समजून घेतील. त्यातला एखादा तर फोन करून विचारेल, काय झालं म्हणून. त्यालाही सांग.

या क्रमाने जा. माफी या आठवड्यात, वेळा पुढच्या आठवड्यात, आणि घरचं बोलणं आईने मुहूर्त पक्का करून कार्यालयाला आगाऊ रक्कम देण्याआधी. काय झालं ते मला जरूर लिही.

तुझी,
ताई